वारीचे फोटो आणि दमलेला हात

आषाढी जवळ आली की फोटोग्राफरांच्या गप्पांत लेन्सचा विषय निघतो. दिवेघाटासाठी सत्तर-दोनशे न्यावी की शंभर-चारशे, रेनकव्हर कोणतं घ्यावं, रिंगणाला कुठल्या अंगाला उभं राहावं. हे सगळं बोलायलाच हवं. पण काढलेला फोटो पंढरपुराहून घरी पोचेपर्यंत राहणार कुठे, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून या आठवड्यात कार्डांविषयी लिहितो आहे.

कार्ड आपसूक उडाल्याने जेवढे फोटो जातात, त्याहून कितीतरी जास्त दमलेल्या माणसाच्या हातून जातात, असं माझं ठाम मत आहे. आणि वारीत माणूस दमतोच. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात घाटाची चढण. रात्री मुक्कामी पोचल्यावर शाळेच्या व्हरांड्यात एका स्विचबोर्डाभोवती दहा चार्जर लोंबत असतात, अंगावरचे कपडे ओले असतात आणि तळहातावर चार काळी कार्डं असतात, सगळी एकसारखी. भरलेलं कोणतं, रिकामं कोणतं? अशा वेळी चुकीचं कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट मारायला काही सेकंद पुरतात.

तेव्हा रात्री अकरा वाजता आपलं डोकं शाबूत असेल यावर विसंबून चालत नाही. हाताला सवयच अशी हवी की डोकं बंद असलं तरी घात होऊ नये. माझ्या कार्डांच्या पाकिटात रिकामं कार्ड सुलटं असतं, भरलेलं पालथं. पालथ्याला घरी जाईपर्यंत हात लावायचा नाही. एसडी कार्डाचं लेबल आपल्याकडे धरलं तर डाव्या कडेला एक चिमुकली सरकती कळ दिसते. कार्ड भरलं की ती नखाने खाली ओढायची. मग कॅमेरा त्यावर काही लिहीत नाही आणि फॉरमॅटही मारू देत नाही. इतकी साधी सोय असून वर्षानुवर्षं तिला बोटही न लावलेले लोक मी पाहतो, तेव्हा हळहळ वाटते. कार्डावर नंबरही घाला, पण पर्मनंट मार्करने. चिकटवलेला कागद ओलसर हवेत सुटतो आणि स्लॉटमध्ये अडकतो.

कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर आधी मेनू उघडून बघा. दोन स्लॉट आहेत म्हणजे दोन प्रती होतात, असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. सेटिंग ‘ओव्हरफ्लो’वर असेल तर पहिलं कार्ड भरल्यावर कॅमेरा दुसऱ्याकडे वळतो, एवढंच. जागा दुप्पट मिळते, सुरक्षितता मुळीच वाढत नाही. निकॉनमध्ये ‘बॅकअप’, सोनीत ‘सायमल्टेनियस’, कॅननमध्ये ‘रेकॉर्ड टू मल्टिपल’ असं निवडलं, तरच प्रत्येक फोटो दोन्हीकडे जातो. चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो ती काही मिनिटंच. ते दृश्य एकाच कार्डाच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही.

एक मोठं कार्ड की चार लहान, हा वाद जुना आहे. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची, म्हणजे 64 जीबीच्या कार्डात दोनेक हजार फोटो मावतात. लहान कार्डांनी जोखीम विभागते, हे खरं. पण लाखोंच्या गर्दीत, चिखलात, ओल्या बोटांनी नखाएवढी वस्तू बदलणं ही त्याहून मोठी जोखीम आहे. म्हणून दोन स्लॉट असतील तर वारीत मी मोठ्या कार्डांच्या बाजूने आहे: सकाळी दोन घाला, रात्रीच छपराखाली काढा. एकच स्लॉट असेल तर मात्र लहान कार्डं बरी.

मुक्कामी लॅपटॉप नसला तरी अडत नाही. आजच्या बऱ्याच फोनना टाइप-सी हबमधून कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी जोडता येते. प्रत पुरी झाली की चार-दोन फोटो उघडून, मोठे करून पाहा, मगच झोपा. एसएसडी सोबत्याच्या पिशवीत, कार्डं आपल्या पिशवीत. आणि वारी संपेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट मारू नका. तेवढी कार्डं परवडत नसतील तर लेन्सचं बजेट थोडं कमी करा.

प्रत काढतानाही एक खड्डा आहे. कॅमेरा 9999 नंतर पुन्हा 0001 पासून मोजतो, आणि दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावं तर हमखास जुळतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं की ‘रिप्लेस करू का?’ असा प्रश्न येतो, आणि पेंगणारा माणूस ‘हो’ म्हणतो. सकाळचे वारकरी गेले, संध्याकाळचे राहिले. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर करा, नावात तारीख, मुक्काम आणि कार्डाचा नंबर घाला.

एवढं करूनही चुकीचं कार्ड पुसलं गेलंच, तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नका. साध्या फॉरमॅटने बहुतेकदा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. मूळ मजकूर नवा फोटो त्यावर बसेपर्यंत तिथेच असतो. कार्ड बाहेर काढा, कळ ओढा आणि घरी जाऊन ‘फोटोरेक’ चालवा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइलींची नावं परत येत नाहीत, फोटो पुष्कळदा येतात.

घरी पोचल्यावरचा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्या ‘द डॅम बुक’मुळे जगभर गेला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. यातल्या शेवटच्या अटीकडे लोक काणाडोळा करतात. आपल्याकडे तर ती सर्वांत महत्त्वाची, कारण वारी आणि पूर एकाच ऋतूत येतात. 2021 मध्ये आषाढी एकादशी 20 जुलैला होती आणि 22 जुलैला चिपळूण बुडालं. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात घरांत पाणी शिरलं. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क पाण्यात एकत्रच जातात. एक डिस्क दुसऱ्या गावी भावाकडे, बहिणीकडे, मित्राकडे ठेवा.

क्लाउड त्याला पूरक आहे, पर्याय नाही. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. तीही मूळ आकारातल्या फोटोंसाठी नव्हतीच, फोटो कॉम्प्रेस करून ठेवले जायचे. शिवाय तिथे बॅकअप घेतलेला फोटो फोनवरच्या त्याच अ‍ॅपमधून डिलीट केला की क्लाउडमधूनही जातो.

हा सगळा खटाटोप करायचा, कारण हे फोटो आपल्या एकट्याचे नसतात. परभणीकडच्या दिंडीतल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी तुमच्या कॅमेऱ्याकडे बघून हसतात, तेव्हा तो कदाचित त्यांचा एकमेव चांगला फोटो असतो. दोन-तीन वर्षांनी असा फोन येतो: ‘दादा, आमची आई गेली हो. त्या साली तुम्ही तिचा फोटो काढला होता, सापडेल का?’ त्या घरातल्या भिंतीवरची चौकट तुमच्या हार्ड डिस्कवर अवलंबून असते. तेव्हा फोटो नुसता असून भागत नाही, तो शोधून देता यायला हवा.

त्यासाठी वारीनेच सोय करून ठेवली आहे. प्रत्येक नोंदणीकृत दिंडीला नंबर असतो, पालखीच्या रथापुढचा किंवा रथामागचा. दिंडीतल्या माणसांचे फोटो काढण्याआधी एक फ्रेम तिच्या फलकाची घ्या. नंबर, गाव आणि बहुधा फोन नंबरही त्यावर मिळतो. घरी आल्यावर फोल्डरच्या नावात तो दिंडी नंबर लिहा. मग फोन करणाऱ्याला एवढंच विचारायचं: ‘दिंडी कितव्या नंबरची, आणि रथाच्या पुढची की मागची?’