शेतातील उजेड आणि रस्त्यावरील अंधारी

अश्विन महिना लागला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यात रात्र ही रात्र राहत नाही. सोयाबीनचे मळणीयंत्र मध्यरात्रीपर्यंत चालू असते, हरभऱ्यासाठी रान तयार करण्याची घाई असते, आणि थोड्याच दिवसांत वसमतकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. पुढे माघ-फाल्गुनात हळदीची काढणी व शिजवणी आली की पुन्हा तीच जागरणे. ह्या सर्व कामांस उजेड पाहिजे, ह्याविषयी दुमत नाही. म्हणून अलीकडे ट्रॅक्टरच्या छतावर, मडगार्डावर व पुढील बंपरावर जादा दिवे लावण्याची, आणि त्या दिव्यांत जुन्या बल्बच्या जागी एल.ई.डी. बल्ब बसविण्याची जी चाल पडली आहे, तिला आमचा विरोध नाही. परंतु ती ज्या रीतीने चालली आहे, त्या रीतीविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम गुण सांगितला पाहिजे. जुना हॅलोजन बल्ब 55 वॉटचा असतो व 12 व्होल्टच्या बॅटरीवर तो सुमारे साडेचार अँपिअर वीज ओढतो. असे 4 दिवे लावले म्हणजे 18 अँपिअरचा भार पडतो, आणि जुन्या ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरास तो सोसत नाही. 20 वॉटचे 4 एल.ई.डी. दिवे 7 अँपिअरच्या आत भागतात. शिवाय नांगरटीच्या धक्क्यांनी जुन्या बल्बमधील तार तुटते, एल.ई.डी.मध्ये तुटण्याजोगी तारच नसते. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांस 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे.

आता दोष पाहू. दिव्याच्या आतील चकचकीत वाटी, जिला मेकॅनिक लोक रिफ्लेक्टर म्हणतात, ती बारीक तारेसाठी घडविलेली असते. तार नेमक्या एका बिंदूवर असली तरच वाटी तिचा उजेड गोळा करून समोर सरळ फेकते. एल.ई.डी. बल्बात तारेच्या जागी पट्टी असते व तिच्या दोन अंगांस प्रकाशाचे तुकडे चिकटविलेले असतात. पट्टीची जाडी, तिची दिशा व तिची जागा ह्यांपैकी काहीही जमले नाही, की तीच वाटी तोच उजेड वाटेल तिकडे उधळते. मग सरीत पडावयाचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर व समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दिवा अधिक झगझगीत दिसतो, म्हणून मालक खूश असतो. पण जमिनीवर उजेड वाढला की घटला, हे तो पाहत नाही. दिव्याकडे पाहून दिव्याची परीक्षा होत नाही. ती जमिनीकडे पाहूनच करावी लागते.

ह्याचा परिणाम रस्त्यावर भोगावा लागतो. छतावरील दिवा मनुष्याच्या डोळ्यांहून उंच असतो. समोरून दुचाकीवर येणारा मनुष्य ताशी 40 किलोमीटर वेगाने येत असेल, तर तो दर सेकंदास 11 मीटर पुढे सरकतो. त्याच्या डोळ्यांपुढे 3 सेकंद जरी अंधारी आली, तरी 33 मीटर रस्ता तो आंधळेपणाने कापतो. त्या 33 मीटरांत कडेने मोटार चालू करावयास निघालेला आपलाच कोणी भाऊ असू शकेल. कारण पाण्यासाठी रात्री घराबाहेर पडणे अद्याप अनेकांच्या नशिबी आहे. वय झालेल्या डोळ्यांस तर सावरावयास आणखीच वेळ लागतो.

कायदाही ह्याविषयी मुका नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असला पाहिजे, आणि परवानगीवाचून वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट बसविण्यास मनाई आहे. परंतु आमचा भर दंडाच्या भीतीवर नाही. शेतातील दिवा शेतातच लागावा, ही साधी मर्यादा आपण आपणच पाळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड महामार्गावर मोठमोठ्या मोटारी आमच्या डोळ्यांत बेधडक झोत टाकतात, मग शेतकऱ्यानेच सभ्यता का पाळावी? तक्रार खरी आहे. पण समोरच्याने केलेल्या अंधारीवर आपली अंधारी हा उतारा नव्हे. त्याने दोघेही आंधळे होतात. आणि दुसरी गोष्ट अशी की, ज्या ट्रॅक्टरच्या पुढे चार सूर्य तळपत असतात, त्याच्याच उसाच्या ट्रॉलीमागे पुष्कळदा अमावस्या असते. मागून येणाऱ्यास ना लाल दिवा दिसतो, ना चमकणारी पट्टी. पुढच्या दिव्यांवर हजारो रुपये खर्चणाऱ्याने मागे लाल रिफ्लेक्टर लावू नये, ह्याला काय म्हणावे?

तेव्हा आमची सूचना अशी आहे. जुन्या वाटीत नुसता बल्ब बदलण्यापेक्षा कामासाठीच घडविलेला, धूळ-पाणी आत न जाणारा संपूर्ण एल.ई.डी. दिवा घ्यावा, मळणीच्या धुरळ्यात बल्बमागचा पंखा लवकरच बंद पडतो. जादा दिव्यांस स्वतंत्र बटण, रिले व फ्यूज असावा आणि डांबरी रस्ता लागताच ते बटण बंद व्हावे. दिव्यांचे तोंड खाली, कामाच्या जागेकडे असावे. ते चालकाच्या नजरेच्या अगदी जवळ नसावेत, नाहीतर धुरळाच उजळतो व पलीकडचे काही दिसत नाही. बल्बच बदलावयाचा असेल, तर रात्री ट्रॅक्टर भिंतीपासून 8 मीटरांवर उभा करून जुन्या व नव्या बल्बचा झोत ताडून पाहावा. नव्याची कड विस्कटलेली दिसली, तर तो बल्ब दुकानदारास परत द्यावा.

हा प्रयोग एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून करावा, हे उत्तम. ऊस हलण्यापूर्वी एका संध्याकाळी गावातील सर्व ट्रॅक्टर व ट्रॉल्या शाळेच्या किंवा गोदामाच्या भिंतीसमोर आणाव्यात, झोत खाली करावेत आणि प्रत्येक ट्रॉलीस मागून लाल पट्टी चिकटवावी. ह्यास खर्च थोडा व वेळ एका संध्याकाळचा. आमच्या मंडळाच्या सभासदांनी ह्याचा आरंभ आपापल्या गावी करावा, अशी त्यांस आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्या रानात उजेड करताना दुसऱ्याच्या घरात अंधार होऊ नये, एवढी काळजी घेणे हे शेतकऱ्यास कठीण नाही.