स्कॅनरची जागा आणि दुकानाची पत

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी, मार्श नावाच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचे एक पाकीट बारकोड वाचून विकले गेले. किराणा मालावरील बारकोडच्या वापराचा आरंभ त्या विक्रीपासून मानतात. तेथील स्कॅनर काउंटरच्या पृष्ठभागातच बसवलेला होता. त्याची जागा आधीच ठरलेली होती. आज हातात मावणारा स्कॅनर लहान दुकानालाही परवडतो, परंतु तो ठेवायचा कोठे हा विचार बहुधा खरेदीनंतर होतो. मग तो कधी वजनकाट्याच्या कडेला, कधी बिलांच्या गठ्ठ्यावर पडलेला असतो. त्याची वायर कुणाच्या तरी हाताला अडकते आणि तो फरशीवर आदळतो.

स्टँड किंवा होल्डर निवडण्यापूर्वी व्यापाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : माल स्कॅनरकडे येतो, की स्कॅनर मालाकडे जातो?

औषधांच्या दुकानात माल हलका असतो आणि हातातूनच पुढे सरकतो. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ठरावीक तीनशे औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे उत्पादकांना बंधनकारक आहे. असे बारीक कोड वाचण्यासाठी लवचिक मानेचा, जड बैठकीचा स्टँड सोयीचा ठरतो. दोन्ही हात मोकळे राहतात आणि दिवसभर खटका दाबून मनगट दुखत नाही. मात्र जुन्या पद्धतीचा, केवळ लेझरची रेघ टाकणारा स्कॅनर क्यूआर कोड वाचत नाही. त्याला कितीही उत्तम स्टँड दिला तरी व्यर्थ.

किराणा दुकानात दोन्ही प्रकार एकत्र येतात. साबण, बिस्किटे स्टँडसमोर धरता येतात. पंचवीस किलोंचे तांदळाचे पोते उचलून धरता येत नाही. तेथे स्टँड असा हवा, की स्कॅनर एका हाताने सहज उचलता येईल आणि न पाहता परत ठेवता येईल. घट्ट पकडीचा होल्डर नोकर दोन दिवस वापरतो. तिसऱ्या दिवशी स्कॅनर पुन्हा काउंटरवर लोळतो. कापड दुकानात कपड्याला लटकणारी चिठ्ठी शोधावी लागते. म्हणून काउंटरच्या बाजूला स्क्रूने बसवलेला साधा हुक किंवा कप पुरतो आणि कापड पसरायला काउंटर मोकळा राहतो.

गोदामाची गोष्ट निराळी. तेथे माणूस रॅकपाशी जातो, तेव्हा बिनवायरी स्कॅनर आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायचे कव्हर हवे. त्याचा चार्जिंगचा स्टँड धूळ व वर्दळ यांपासून दूर, पाळी संपताना सगळ्यांच्या नजरेस पडेल असा भिंतीवर असावा. रिकामी खाच दिसली की कोणता स्कॅनर परत आला नाही हे विचारावे लागत नाही. फोर्कलिफ्टवर होल्डर बसवताना तो हादरे सोसणारा असावा आणि चालकाच्या दृष्टीआड येऊ नये.

सर्वांत महत्त्वाची बाब मात्र हिशेबाची आहे. स्टँडवरील स्कॅनर बहुधा आपोआप वाचणारा असतो. त्याचे तोंड मालाच्या ढिगाकडे असेल, तर बाजूने सरकणारी वस्तूही बिलात चढते. एखादी वस्तू समोर रेंगाळली, तर ती दोनदा चढण्याचा संभव असतो. गिऱ्हाइकाने घरी जाऊन बिल तपासले आणि तेलाची एक पिशवी दोनदा लागलेली दिसली, तर तो यंत्राला दोष देत नाही. दुकानदाराच्या सचोटीवर शंका घेतो. अनेक गिऱ्हाइके तक्रारही करीत नाहीत, फक्त पुन्हा येत नाहीत. म्हणून मोजलेला आणि न मोजलेला माल यांच्या मध्ये स्कॅनर असावा, त्याचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे आणि त्याचा प्रकाश कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. तोच कोड पुन्हा वाचण्यापूर्वी किती वेळ थांबायचे, हे बहुतेक स्कॅनरमध्ये ठरवता येते; ती सोय विक्रेत्याकडून बसवतानाच करून घ्यावी. बिलाचा पडदा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवणे, हा याहूनही स्वस्त उपाय.

काउंटरला भोके पाडण्याआधी स्टँड दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता बसवून गर्दीचा एक दिवस पाहावा. हात किती वेळा आडवा जातो, वायर कोठे ताणली जाते, डावखुरा नोकर कसा वावरतो, हे त्या दिवशी कळते. होल्डर त्याच स्कॅनरच्या मॉडेलसाठी बनवलेला आहे याची खात्री करावी. स्टँडचा खर्च एकदाच होतो आणि खात्यात लहानच दिसतो. चुकीच्या बिलाने गेलेली पत मात्र कोणत्याही खात्यात दिसत नाही.