कंपनीची कुंडली फुकट का हवी?

लग्न जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. पण बिल्डरला 20 लाख देताना त्याच्या कंपनीचा ताळेबंद कोण बघतं? 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 399 नुसार निबंधकाकडे जमा झालेली बहुतेक कागदपत्रं कुणालाही बघता येतात. फक्त फी भरायची, एका कंपनीचे 100 रुपये.

त्यात काय, पिझ्झासुद्धा महाग पडतो, असं कुणी म्हणेल. पण मंडळी, घोटाळा एकट्या कंपनीत दिसत नाही. तोच पत्ता, तेच संचालक आणि दहा कंपन्या, हे जुळवायला सगळा डेटा एकत्र लागतो. हजार कंपन्या तपासायच्या तर लाख रुपये!

ब्रिटनच्या कंपनीज हाऊसने जून 2015 मध्ये आपला सगळा सार्वजनिक डिजिटल डेटा फुकट केला. संचालकाच्या घरचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख मात्र झाकलेली असते. म्हणजे खाजगीपणाची सबब चालत नाही.

कंपनी बुडाली तरी भागधारकाचं घर शाबूत राहतं. ही सवलत कायद्याने, म्हणजे आपणच दिलेली. बदल्यात हिशोब उघडा ठेवा, एवढंच मागणं. आणि तो बघायला पैसेही आपणच मोजायचे? नाही पटत बुवा.