दारचे कुत्रे आणि घरचे कुत्रे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत मंडीचे शुल्क, वस्तू व सेवा कर, गोदामाचा विमा, तुरीच्या भावातील चढउतार अशा विषयांवर जाणत्या मंडळींचे लेख दरवर्षी येतात व ते यावेत हे योग्यच आहे. त्या पंक्तीत एका घाऊक धान्य-व्यापाऱ्याने रस्त्यावरच्या कुत्र्याविषयी लिहावयास बसावे, हे काही बंधूंस चमत्कारिक वाटेल. तथापि मला हा विषय आपल्या समाजाच्या अगदी घरचा वाटतो. रस्त्यावरच्या कुत्र्यास पोळी घालणाऱ्यांत आपण व्यापारी मंडळी सदैव पुढे असतो. आणि त्यास घरात घेण्याची वेळ आली म्हणजे तितकेच मागे.

पहिली पोळी गाईची व शेवटची कुत्र्याची, हा रिवाज आपल्या बहुतेक घरांत अजून पाळला जातो. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ओट्यावर चार-दोन कुत्री येऊन बसतात. पर्वाच्या दिवसांत तर बिस्किटांचे पुडेच्या पुडे रिकामे होतात. हे करणाऱ्यांच्या मनात खरी दया असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु पोळी खाऊन झाल्यावर ते कुत्रे कोठे जाते, हा प्रश्न आपण विचारीत नाही. ते उभ्या ट्रकच्या सावलीत निजते आणि कधीकधी त्याच्याच चाकाखाली सापडते. पावसाळा सरला की कुत्रीला पिले होतात, ती थंडीत बारदान्याच्या ढिगात कुडकुडतात आणि त्यांतील बरीच संक्रांत पाहत नाहीत. एखाद्या दिवशी तेच कुत्रे शाळेस निघालेल्या पोराच्या पोटरीस चावते. मग ज्या ओट्यावर त्याने वर्षभर पोळी खाल्ली, त्या ओट्याचा धनी म्हणतो, "ते माझे थोडेच आहे?" पेढीच्या भाषेत बोलायचे तर माल आपण उचलीत असतो, परंतु बिल आपल्या नावे फाडू देत नाही. जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते व त्याच दिवशी संपते. कुत्र्यांच्या वाट्यास आलेले दगड मात्र बारमाही आहेत.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओट्यावरच्या कुत्र्यास आपण आहार देतो, औषध क्वचित देतो, आणि अभय देतच नाही. रात्री कोठे निजावे याची ज्यास शाश्वती नाही, त्यास अभय कसले? शिवाय हे अभय त्या वाटेने जाणाऱ्या मुलालाही हवे आहे. म्हणून दहा कुत्र्यांस पोळी घालून त्यांस रस्त्यावर ठेवण्यापेक्षा ज्याच्याने होईल त्याने एकास नाव, लस आणि छप्पर देऊन कायमचे घरातले करून घ्यावे, असे माझे नम्र परंतु स्पष्ट मत आहे.

हा वाद आजचा नाही. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रज सरकारच्या शिपायांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती. कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्याने शिपाई ओट्यावरची व दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी मंडळी खवळून रस्त्यावर आली, हिंदू व जैन व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली, आणि सरकारला सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. त्याचा खर्च भागविण्यासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर लागा बसवून घेतला. नुसता मोर्चा काढून ते थांबले नाहीत. कुत्री मारू नका म्हणणे आणि त्यांच्या दाण्यापाण्याची रक्कम स्वतःच्या वहीत लिहिणे या दोन्ही गोष्टी त्यांनी एकदमच केल्या, हे मला विशेष वाटते.

दुसरा प्रसंग १९२६ चा, अहमदाबादचा. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारात जमलेली साठ कुत्री पिसाळण्याच्या भीतीने मारविली. शहरातील जीवदया मंडळींत हाहाकार उडाला, आणि महात्मा गांधींनी साराभाईंची बाजू घेतल्याचे पाहून तो अधिकच वाढला. गांधीजींनी 'यंग इंडिया' व 'नवजीवन' या पत्रांतून लागोपाठ लेख लिहिले. मारण्याविषयीचे त्यांचे म्हणणे मला तेव्हाच्या वाचकांइतकेच अमान्य आहे. परंतु त्याच लेखांत त्यांनी एक गोष्ट अशी सांगितली की, तिचे उत्तर आपल्याकडे आजही नाही: धनी नसलेले कुत्रे रस्त्यावर भटकणे हा समाजाचा दोष होय, आणि त्यास तुकडा फेकून पुढे जाणे ही दयेची थट्टा होय, दया असेल तर ते पाळा. त्यांस पत्रे लिहून जाब विचारणारे पुष्कळ निघाले. त्यांतील किती जणांनी कुत्रे पाळले, कोण जाणे.

आता कायद्याकडे वळू. २००१ च्या आणि त्यानंतर २०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याच जागी सोडावयाचे असते. दिल्लीच्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी आदेश दिला, तो २२ ऑगस्टला पुष्कळसा बदलला व त्याची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत नेली. त्या बदललेल्या आदेशात वाटेल तेथे खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले. आणि प्राणिप्रेमी माणसास अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची, असेही म्हटले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्री हलविण्यास सांगितले. या आदेशांविषयी कोणी काहीही म्हणो, दारी पोळी टाकून मोकळे होण्याची आपली जुनी सोय यापुढे फार दिवस चालणार नाही, एवढे त्यावरून मला दिसते.

रेबीजविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण घरात घेण्याच्या विरुद्ध पहिली भीती तीच सांगितली जाते. जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात व त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि बहुतेक सर्वांस तो कुत्र्यापासून होतो. लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. परंतु वेळेवर घेतलेली लस माणसास वाचविते, आणि दरवर्षी लस टोचलेले कुत्रे सहसा पिसाळत नाही. अर्थात ज्याची भीती बाळगावयाची ते बेवारशी कुत्रे होय. कोणतेही कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. आपल्या भागात जखमेत तिखट किंवा चुना भरणारे अजून आहेत; तसे कदापि करू नये. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती तर सोडूनच द्यावी, ती जुनी लस केव्हाच बंद झाली.

आता धर्माच्या बाजूचे आक्षेप. कुत्रे हा हिंस्र प्राणी, त्याचे पोषण म्हणजे 'असतीपोषण', ते श्रावकास वर्ज्य, असे मला एका ज्येष्ठ बंधूंनी ऐकविले. त्यांचा अभ्यास माझ्याहून मोठा आहे. परंतु आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात असतीपोषणाची व्याख्या द्रव्यार्जनासाठी केलेले पोषण अशी आहे, आणि ते ज्या पंधरा कर्मादानांत येते ती सर्व धंद्याची बंधने होत. रस्त्यावरच्या कुत्रीस घरी आणून मला कोणते द्रव्य मिळाले? मिळाले असेल तर खर्चाच्या बाजूस. उलट तत्त्वार्थसूत्रातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाहावेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, अन्नपाणी तोडणे. ज्याच्या घरी जनावर आहे त्या गृहस्थालाच हे सांगितले आहे, हे उघड दिसते. जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटल्याची कथा आपण मुलांना सांगतो. कुत्र्याजवळ बसल्यावाचून का त्याच्या कानात मंत्र म्हणता येतो?

नसबंदीचा आक्षेप अधिक अवघड आहे. छेद हा अतिचार, आणि निर्लांछन हेही कर्मादान. मग कुत्रीची शस्त्रक्रिया कशी करवावी? धंद्यासाठी केलेले ते निर्लांछन, असे म्हणून मला सुटता येईल. पण तसे सुटणे मनास पुरेसे वाटत नाही. मी हिशेब असा मांडला: एका बाजूस भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूस दरवर्षी पाच-सहा पिले, त्यांतील एखादे कोणी नेणार, बाकीची ट्रकखाली, गारठ्यात किंवा विषाने जाणार. गृहस्थास पूर्ण अहिंसा साधत नाही, अल्प हिंसा निवडावी लागते. मी शस्त्रक्रिया करविली. ज्यांस याहून चांगली तोड ठाऊक असेल त्यांनी ती पुढच्या स्मरणिकेत अवश्य लिहावी.

ही कुत्री म्हणजे आमची चवळी. सहा वर्षांपूर्वीच्या थंडीत गोदामातल्या बारदान्यात ती सापडली. अंग पांढरे आणि पाठीवर एकच काळा ठिपका, तेव्हा धान्याच्या पेढीत दुसरे नाव सुचणार तरी कोणते? आमचा जुना हमाल म्हणाला, "शेठजी, मादी हाये जी, कायले ठेवता? वर्साले सहा पिल्लं देईन." लोकांची रीत हीच आहे. नर पिलू कोणीतरी उचलून नेतो, मादी रस्त्यावर राहते, आणि पुढच्या साली पुन्हा रस्ता भरतो. सूनबाईंनी तिला पदराखाली घालून घरी आणले. त्यावर आमच्या घरातून एकच अट आली: "अहो, अंगणात काय वाटेल ते करा, पण ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून आली तर त्या दिवशी मी जेवणार नाही." ती अट आजतागायत पाळली आहे. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागतो त्या दिवशी चवळी मागच्या अंगणात असते. कुत्रे नियम शिकते. आम्हा माणसांस तो शिकविण्याचा कंटाळा असतो, एवढेच.

व्यवहाराच्या काही गोष्टी सांगतो. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा व त्यानंतर दरवर्षी. जंताचे औषध वेळोवेळी. कागद जपून ठेवावा. आहाराचा प्रश्न बंधू हमखास विचारतात. चवळी भाकरी, वरण-भात, पनीर व ताक यांवर राहते. नुसत्या कोरड्या पोळीवर मात्र कुत्र्याचे भागत नाही, त्यास डाळी-पनीरासारखे सकस अन्न लागते, हे डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस पचत नाही. कांदा व लसूण त्यांस विषासमान आहेत, तेव्हा या एका बाबतीत आपले स्वयंपाकघर त्यांच्या सोयीचेच म्हणावयाचे! परंतु मनुका, बेदाणे व चॉकलेटही घातक आहेत आणि ती आपल्या घरांत हाताशी असतात, मुलांस बजावून ठेवावे. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी त्यास आतल्या खोलीत घ्यावे.

गोदामाच्या दारास साखळीने बांधून ठेवलेले कुत्रे मी या लेखात पाळलेले कुत्रे समजत नाही. त्यास आपण बिनपगारी पहारेकरी नेमलेले असते. १९६० च्या कायद्यानेही सदैव बांधून ठेवलेल्या कुत्र्यास फिरविण्याची काळजी न घेणे ही क्रूरता ठरविली आहे. चवळी रात्री भुंकते, नाही असे नाही. पण त्यासाठी तिला ठेवलेले नाही. तिने एक-दोनदा उंदीर धरला, हेही लपवीत नाही. रस्त्यावर असती तर याहून जास्त धरले असते.

नीट सांभाळलेले कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. माझे वय सदुसष्ट आहे. या वयात कुत्रे घरात घेणाऱ्याने आपल्या मागे त्याचे कोण करील हे आधीच बोलून ठेवावे. घरातील तरुण मंडळी राजी नसतील तर घेऊच नये. वडीलधारी गेल्यावर तेराव्या दिवशी पुन्हा रस्त्यावर आलेली कुत्री मी पाहिली आहेत. आमच्याकडे मी मुलाशी हा विषय काढला, तेव्हा सूनबाई आतूनच म्हणाल्या, "बाबूजी, चवळीचं काय विचारता? ती तर माझ्याच नावावर आहे."

संघापुढे माझी एक सूचना आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी संघाने पशुवैद्यकीय डॉक्टरांस मंडीत बोलवावे, आणि ज्या सभासदाने रस्त्यावरचे कुत्रे घरी नेऊन आपले म्हणून नाव नोंदविले असेल त्याच्या कुत्र्यास लस टोचून घ्यावी. पहिल्या वर्षीच्या लसींचा खर्च आमची पेढी देईल. पुढील वर्षापासून मोतीशा शेठांच्या वेळेप्रमाणे पोत्यामागे काही पैसे लागा घ्यावा की नाही, हे सर्वसाधारण सभेने ठरवावे.