तराजूपाशी कोणती भाषा?

१९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि माण-खटावचा मुलूख एका जिल्ह्यात तर खानापूर-आटपाडीचा दुसऱ्यात राहिला; तथापि ही सरकारी सरहद्द अवर्षणाने कधी मानली नाही, आणि त्याच अवर्षणाने दोहींकडच्या तरुणांना सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी त्रिचूर, कोइमतूर, विजयवाड्यापर्यंत धाडले.

गेल्या दिवाळीत विट्याच्या एस.टी. स्थानकावर एका वयस्क गृहस्थांनी मला थांबवून विचारले, “गुरुजी, पोरगं चुलत्याच्या दुकानात कोइमतूरला धाडायचंय, आधी हिंदी पक्की करून घ्यावी का?” हिंदीच्या परीक्षांना मुले बसवण्यात ज्याची हयात गेली, असा मी, ‘अवश्य’ म्हणून मोकळा झालो. ते उत्तर चुकले.

कारण जुनी साखळी मोडायला आलेला गिऱ्हाईक तमिळ बोलतो. मुशीतून निघालेला गोळा तराजूत पडल्यावर घट किती आली, हे त्याला त्याच्याच भाषेत पटवावे लागते, आणि तिथे शब्द अडखळला की संशय उभा राहतो. सोने कोइमतुरात ‘तंगम्’, विजयवाड्यात ‘बंगारम्’, त्रिचुरात ‘स्वर्णम्’. अखिल भारतीय भाषेचा दाखला यातल्या एकाही पेढीवर विचारला जात नाही.

चिनी शिकू पाहणाऱ्यापुढेही हाच पेच असतो. बीजिंगच्या बोलीवर उभारलेली, चार स्वरांची मंदारिन ही राजसत्तेची, शाळांची आणि कोट्यवधींची भाषा. सहा स्वरांची कँटोनीज हाँगकाँग-ग्वांगचौ परिसराची, आणि स्वर चुकला की अर्थ दोहींतही बदलतो, पण स्वर जास्त म्हणून कँटोनीज परक्याला अधिक अवघड. लोकसंख्येचा ताळेबंद मांडणारा मंदारिनकडे बोट दाखवील. पण ज्याला हाँगकाँगातच दुकान थाटून मासळीबाजारात रोज घासाघीस करायची आहे, त्याने कोट्यवधींशी बोलण्याची तयारी करून शेजाऱ्यापाशी मुके का राहावे? मुक्काम निश्चित नसेल, सरकारी कागदपत्रांशीच संबंध असेल, तर मंदारिन खुशाल घ्यावी. दर दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्या आमच्या मुलालाही हिंदीच तारील, हे मला मान्य आहे.

परंतु गलाईवाला सहसा एका गावात पिढी काढतो. यात्रेला परतलेली त्यांची पोरे पारावर आपसांत तमिळमध्ये भांडतात आणि आजीकडे मराठीत खाऊ मागतात. त्यांना कोणत्या पंडिताने सल्ला दिला होता?

ते गृहस्थ पुन्हा भेटले तर सांगणार आहे, हिंदीचे पुस्तक तूर्त राहू द्या. चुलत्याच्या दुकानात पहिले सहा महिने पोराला तराजूपाशी बसवा.