ओरिजिनल जोंगा म्हणजे नक्की काय?

जुन्या गाड्या 'रिस्टोअर' करणारी माणसं दोन जातींची असतात. पहिल्या जातीला प्रत्येक नट-बोल्ट कारखान्यातून आला तस्साच हवा असतो. दुसऱ्या जातीला गाडी चालवायची असते. माझ्याकडे जुनी गाडी नाही, पण फुकटचा सल्लागार म्हणून मी दुसऱ्या पार्टीत आहे. आपला कायदा मात्र पहिल्या पार्टीत आहे. या वीकेंडचं गुऱ्हाळ त्यावर.

निमित्त माझ्या एका मित्राचं. त्याने शिक्रापूरला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन गेली तीन वर्षं एक जोंगा खोलून ठेवली आहे. शिक्रापूरच का? कारण पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवलं तर सेक्रेटरी आपल्यालाच उतरवतो. नगर रोडवर ट्रकचा धंदा असल्याने लेथवाला, पाटेवाला, रेडिएटरवाला सगळे हाकेच्या अंतरावर. गाडी कितीही जुनी असो, "होऊन जाईल साहेब" म्हणणारा माणूस तिथे सापडतो.

आता जोंगा म्हणजे काय, ते थोडक्यात. नाव ऐकून आफ्रिकेतला एखादा प्राणी वाटतो, पण हे 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली'चं लघुरूप. मूळ गाडी निस्सानची 'पेट्रोल' (गस्तवाली, इंधनवाली नव्हे!). तीच आपल्या लष्करासाठी १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं जबलपूरला बनली. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, चढासाठी वेगळा लो गिअर. मायलेज विचारू नये. लष्कराने निकालात काढल्यावर या गाड्या लिलावातून लोकांकडे आल्या. २०१९ मध्ये धोनीने एक घेतली, तेव्हा नव्या पिढीला त्यांचा पत्ता लागला.

मित्राची जोंगा १९७२ सालची. बॉडी झाली, पाटे झाले, रंग झाला. घोडं अडलंय ते इंजिनपाशी. ब्लॉकला तडा गेलाय. आता दोन रस्ते. एक, भंगारात तसंच इंजिन शोधायचं. दोन, अलीकडच्या एखाद्या एसयूव्हीचं डिझेल इंजिन बसवायचं, सोबत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग आणि नीट तीन ठिकाणी बांधलेले सीट बेल्ट. कारण मूळ जोंगाला चारही चाकांना ड्रम ब्रेक. शिक्रापूरच्या चौकात चाकणहून येणारे ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस, ऊस घेऊन डुलत चाललेले ट्रॅक्टर आणि त्यांच्या मधून घुसणारे टू-व्हीलरवाले. तिथे हे धूड वेळेवर थांबलं नाही तर भोगणार दुसराच कोणीतरी.

पहिला रस्ता घेतला तर २०२१ च्या विंटेज नियमात बसता येतं. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात, चॅसी-बॉडी-इंजिनमध्ये बदल नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण गाडी रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. म्हणजे जी गाडी नदी-नाले तुडवायला बनवली, तिने आता फक्त फोटो काढून घ्यायचे.

दुसरा रस्ता घेतला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ बसला पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलागणिक ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या मेकचं, दुसऱ्या इंधनाचं इंजिन बसवून ते आरसीवर चढवायला सरळ वाट नाही. न सांगता चालवली आणि उद्या काही झालं, तर विमा कंपनी पहिलं बोट त्या इंजिनवरच ठेवणार.

कायदा बिनडोक आहे असं मी म्हणत नाही हां. मोठ्ठाले टायर, फूटभर उचललेली बॉडी, समोरच्याला आंधळं करणारे दिवे, हे प्रकार आपण सगळेच रोज बघतो. बुलबारवर २०१७ च्या शेवटी केंद्राने बंदी आणायला सांगितलं ते बरोबरच होतं. त्या बदलांचा उपयोग फक्त मालकाच्या मिशीला. पण उचललेली बॉडी आणि चांगले ब्रेक यांना एकाच काठीने हाणायचं, हे काही पटत नाही.

आणि 'ओरिजिनल' तरी कुठला? जोंगा हीच मुळात जपानी गाडीची देशी आवृत्ती. लष्करात असताना वर्कशॉपमध्ये किती वेळा खोलली, जोडली, पार्ट बदलले याची गणती नाही. आमच्या धंद्यात वीस वर्षांपूर्वीचा कोड आजही बँका चालवतो, कारण त्याला कोणीतरी सतत हात लावत असतं. फक्त कोणी, कधी, काय बदललं याची नोंद असते. अडचण बदलाची नसते, बिननोंदीच्या बदलाची असते.

जर्मनीत हेच करतात. तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाडीला वेगळी नंबरप्लेट मिळते, आणि गाडीत केलेला बदल तपासनीस त्या एका गाडीपुरता तपासून कागदावर चढवतो. आपल्याकडेही सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट मंजूर करून बसवता येतंच की. म्हणजे बदल मान्य करायची पद्धत कायद्याला माहीत आहे. ती कंपनीच्या किटला मिळते, एकट्या-दुकट्या माणसाच्या गाडीला मिळत नाही, एवढंच.

गंमत म्हणजे तपासणारी डोकी याच रस्त्यावर आहेत. शिक्रापूरच्या एका अंगाला पुण्यात एआरएआय, दुसऱ्या अंगाला नगरला (आता अहिल्यानगर) लष्करी गाड्या तपासणारी डीआरडीओची व्हीआरडीई. मधे रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनते. एवढ्या पट्ट्यात एका जोंगाचे ब्रेक लागतात का, धूर किती सोडते, वेल्डिंग धड आहे का, हे सांगणारा इंजिनियर मिळणार नाही?

तेव्हा माझं म्हणणं सोपं आहे. मालकाकडून भरपूर फी घ्या. ब्रेक, धूर, दिवे, चॅसी कडक तपासा. नापास झाली तर शेडमध्ये परत पाठवा. पास झाली तर बदल आरसीवर लिहा आणि चालवू द्या. नाहीतर या गाड्यांचं काय होणार ते हायवेवर आत्ताच दिसायला लागलंय. एक तर वजनावर भंगारात, नाहीतर एखाद्या ढाब्याबाहेर सिमेंटच्या चौथऱ्यावर, आत झाडाच्या कुंड्या ठेवून. आणि त्या दुरुस्त करू शकणारे मिस्त्री एकेक करून गॅरेज बंद करणार.

बघा, पटतंय का.