तिकिटाचा पैसा कोणाचा?

परीकथांतील राण्या-राक्षसांची नावे पेल्यांस देऊन, सोंगे-वेषांची आरास मांडून रंगीबेरंगी कॉकटेलांचे जे महोत्सव हल्ली मोठ्या शहरांतून भरविले जातात, त्यांपैकी एखादा ऐन आदल्या दिवशी रद्द झाला म्हणजे आमच्या कित्येक मद्यनिषेधक मित्रांस समाधान वाटते. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांसही कर्तव्य नाही. परंतु पिणाऱ्याचा रुपया बुडाला म्हणून बुडविणारा पुण्यवान ठरत नाही. शिवाय आज पेल्याच्या तिकिटास लागणारा न्याय उद्या नाटकाच्या व सहलीच्या तिकिटासही लागावयाचा आहे.

खरे दुखणे असे की, तिकिटाची रक्कम हाती पडताच चालक ती स्वतःची समजून खर्चू लागतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार होय. बहामा बेटांपैकी ग्रेट एक्झुमा येथे २०१७ च्या एप्रिलात जो 'फायर' महोत्सव भरावयाचा होता, त्याची कथा जगजाहीर आहे. ऐषारामाच्या निवासाचे व गायनवादनाचे वचन मिळालेले लोक तेथे पोहोचतात तो त्यांच्यापुढे आपद्ग्रस्तांसाठी वापरावयाचे तंबू! पाहुणे बेटावर उतरल्यावर, २८ तारखेच्या सकाळी, उत्सव रद्द झाला. चालक बिली मॅकफार्लंड यास २०१८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली व सुमारे २ कोटी ६० लक्ष डॉलर जप्त करण्याचा हुकूम झाला. पण आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात घ्यावी ती गोष्ट निराळीच आहे. तेथील एका खानावळवाल्या बाईने शेकडो माणसांचा स्वयंपाक केला, आणि देणे आले नाही म्हणून आपल्या मजुरांची मजुरी सुमारे ५० हजार डॉलर गाठीची शिल्लक मोडून भागविली. मांडववाला, बर्फवाला, आचारी हे असल्या प्रसंगी नेहमी शेवटच्या रांगेत उभे असतात.

कायदा याविषयी मुका नाही. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हावयाचा होता. राजाच्या दुखण्यामुळे तो दोन दिवस आधी लांबणीवर पडला. मिरवणूक पाहण्यासाठी खोली घेणाऱ्या एका गृहस्थाने १०० पौंड आधीच भरले होते. इंग्लंडच्या न्यायालयाने १९०४ साली ते परत देवविले नाहीतच, उलट बाकीची रक्कमही त्याच्यावर बसविली! हा अन्याय त्या देशात १९४२ पर्यंत टिकला. आमच्या १८७२ च्या कराराच्या कायद्याचे ६५ वे कलम मात्र करार रद्दबातल झाल्यास घेतलेला लाभ परत करावा असे स्पष्ट सांगत आले आहे. (परक्या सरकारने आम्हांस दिलेला न्याय त्यांच्या घरी नव्हता, ही मौजच म्हणावयाची.) शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगापुढे तक्रार गुदरता येते.

तथापि हुकूमनामा हाती आला आणि तिजोरी रिकामी निघाली, तर त्या कागदाचे काय करावयाचे? उपाय तिजोरी रिकामी होण्यापूर्वीचा हवा, आणि तो आमच्या कायद्यास अपरिचितही नाही. घरे बांधून विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के निराळ्या खात्यात ठेवून बांधकामाच्या व जमिनीच्या खर्चासाठीच काढावी, असे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ठरविले आहे. हेच बंधन उत्सवांच्या चालकांवर का नसावे? मद्याचा परवाना देतानाच सरकारी अधिकाऱ्याने असे खाते उघडल्याचा बँकेचा दाखला मागावा. उत्सव पार पडेपर्यंत मोठा भाग त्यात अडकून राहावा. रद्द झाल्यास आधी तिकीटवाल्यांचे व पुरवठादारांचे देणे फिटावे.

अशाने उत्सव भरविणेच अशक्य होईल, अशी ओरड होईल. ज्यास पदरचे भांडवल घालता येत नाही, त्यास ते अशक्यच व्हावे अशी आमची इच्छा आहे. 'फायर' हेच नाव घेऊन दुसरा महोत्सव मेक्सिकोत २०२५ च्या मे अखेरीस भरावयाचा होता. तिकिटे विकण्यास काढली गेली, आणि एप्रिलात तोही लांबणीवर पडला.